थोर क्रिकेटपटूंची ओळख कशी करून घ्यावी : नवागतांसाठी सांगलीतून सुरू होणारी वाट

सांगलीतल्या स्थानिक सामन्यांचे गुणलेखन करताना मंडपात माझ्या शेजारी बहुतेक वेळा एखादा पालक किंवा नुकताच नेटमध्ये दाखल झालेला मुलगा येऊन बसतो, आणि दोन-चार षटकांनंतर एकच प्रश्न विचारतो: अमुक खेळाडू मोठा म्हणतात, तो नेमका कशामुळे मोठा? भ्रमणध्वनीवर त्याच्या धावा, शतके आणि षटकार एका क्षणात दिसतात, पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. माझा स्वतःचा निकष साधा आहे. तो खेळाडू येण्याआधीचा खेळ आणि त्याच्यानंतरचा खेळ यांत काही फरक पडला का, आणि पडला असेल तर तो आज आपल्या गावच्या मैदानावर बोट ठेवून दाखवता येतो का, एवढेच मी पाहतो. हा निकष लावण्याची सवय ज्यांना हवी असेल, त्यांच्यासाठी पुढची पद्धत लिहिली आहे. साहित्य म्हणून एक दोनशे पानी वही, पेन्सिल, पट्टी आणि जुने धावफलक पाहण्यापुरते इंटरनेट एवढे पुरते. वही उघडल्यावर डाव्या पानावर धावफलक उतरवावा, आणि उजव्या पानावर ‘आधी’, ‘तेव्हा’ व ‘नंतर’ असे तीन रकाने आखून ठेवावेत.

पहिली पायरी : खेळाडू आपल्या गावाकडचा निवडावा

नवखा माणूस सहसा सर्वांत प्रसिद्ध नावापासून सुरुवात करतो आणि त्याच्याविषयी इतके लिहिलेले सापडते की तिथेच दमतो. त्यापेक्षा ज्या गावाची माती आपल्याला ठाऊक आहे, तिथल्या खेळाडूपासून सुरुवात करणे सोपे जाते. सांगली-मिरजेकडच्या वाचकाला यासाठी दूर जावे लागत नाही. विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. पुढे त्यांची कारकीर्द मुख्यतः बडोद्याकडून घडली, त्यांनी १४ कसोटी सामन्यांत भारताचे नेतृत्व केले आणि १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यातच त्यांचे निधन झाले. आपल्याकडच्या बहुतेक मुलांना त्यांचे नाव देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेचा करंडक म्हणूनच माहीत असते. ज्या माणसाने दिवसदिवस खेळपट्टीवर उभे राहण्यात हयात घालवली, त्याचे नाव पन्नास षटकांच्या स्पर्धेला मिळाले, याची मला कायम गंमत वाटत आली आहे.

दुसरी पायरी : एक धावफलक हाताने उतरवून काढावा

ही पायरी कोणीही गाळू नये. धावफलक नुसता वाचला तर डोळा शतकांवरून घसरत जातो, पण तो हाताने उतरवताना प्रत्येक ओळीपाशी थांबावे लागते. सुरुवातीला जानेवारी १९४८ मधला ॲडलेडचा कसोटी सामना घ्यावा. मूळ धावफलक इंग्रजीत मिळेल, परंतु तो उतरवताना आपली वृत्तपत्री पद्धत वापरावी, म्हणजे ‘झे. अमुक गो. तमुक’, ‘त्रि. गो. तमुक’, ‘पायचीत’, ‘धावबाद’, ‘नाबाद’ असे लिहावे (झे. म्हणजे झेलबाद, त्रि. म्हणजे त्रिफळाचीत, गो. म्हणजे गोलंदाज).

ऑस्ट्रेलियाच्या डावात ६७४ धावा दिसतील. बार्न्स ११२, हॅसेट नाबाद १९८ आणि ब्रॅडमन २०१. ब्रॅडमनच्या नावापुढे ‘त्रि. गो. हजारे’ असे लिहावे लागते, तेव्हा सांगलीकराचा हात क्षणभर थबकतो, हा माझा अनुभव आहे. पण तिथे थबकून लगेच शेजारचा आकडाही वाचावा. आमच्या कट्ट्यावरचे एक आजोबा हजारेंनी ब्रॅडमनला ‘आल्या आल्या उडवला’ असे ठामपणे सांगत असत. त्रिफळा उडवला हे खरे, परंतु तोवर द्विशतक लागून गेले होते. ऐकीव गोष्टीत बहुधा अर्धा भाग खरा असतो, आणि तो कोणता हे धावफलकावरून कळते.

आता भारताचे दोन डाव उतरवावेत. पहिल्या डावात ३८१ धावा झाल्या, त्यांत फडकर १२३ आणि हजारे ११६. फॉलोऑन मिळाल्यावर, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला यावे लागल्यावर, दुसऱ्या डावात भारताने २७७ धावा केल्या, त्यांपैकी १४५ एकट्या हजारेंच्या होत्या, आणि समोर ३८ धावांत ७ बळी घेणारा रे लिंडवॉल होता. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे हजारे हे पहिले भारतीय ठरले. तरीही भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला. बेरीज-वजाबाकी स्वतः करून पाहावी: ३८१ आणि २७७ मिळून ६५८ होतात, आणि ६७४ मधून ते वजा केले की १६ उरतात.

गोलंदाजीचे रकाने उतरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळी ऑस्ट्रेलियात षटक आठ चेंडूंचे असे, त्यामुळे तिथली वीस षटके म्हणजे आपली सव्वीस षटके आणि वर चार चेंडू. हे विसरून अनेकजण जुन्या आणि नव्या गोलंदाजांची तुलना करतात आणि फसतात.

तिसरी पायरी : सरासरी स्वतः काढावी

सरासरी म्हणजे एकूण धावांना एकूण डावांनी भागणे, असा सर्वसाधारण समज असतो, आणि तो चुकीचा आहे. धावांना भागायचे ते फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने. हजारेंनी ३० कसोटींत ५२ डाव खेळले, त्यांपैकी ६ डावांत ते नाबाद राहिले, म्हणजे ते ४६ वेळा बाद झाले. त्यांच्या एकूण २१९२ धावांना ४६ ने भागले की ४७.६५ येतात. त्याच पद्धतीने डॉन ब्रॅडमन यांचे ८० डाव, १० वेळा नाबाद आणि ६९९६ धावा घ्याव्यात. ६९९६ ला ७० ने भागले की ९९.९४ हा क्रिकेटमधला सर्वांत प्रसिद्ध आकडा आपल्या वहीत स्वतःच्या अक्षरात उमटतो. ऑगस्ट १९४८ मध्ये ओव्हलवर, आपल्या शेवटच्या डावात, ते हॉलीसच्या गोलंदाजीवर शून्यावर त्रिफळाचीत झाले. आणखी चार धावा असत्या तर भागाकार बरोबर शंभर आला असता.

सरासरी काढून झाली की तिच्यावर फार विसंबू नये. हजारेंच्या ३० कसोटींकडे पाहून, सचिन तेंडुलकरच्या २०० कसोटींपुढे हे काय, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. त्याला मी फक्त तारखा लिहायला सांगितल्या. हजारेंची पहिली कसोटी जून १९४६ मध्ये लॉर्ड्सवर झाली, तेव्हा त्यांचे वय ३१ होते. त्याआधीची सहा वर्षे दुसऱ्या महायुद्धामुळे कसोटी क्रिकेट बंद होते, आणि १९५३ मध्ये त्यांची कसोटी कारकीर्द संपलीही. हेल्मेट त्यांच्यानंतर जवळपास पाव शतकाने आले. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे जन्मतारीख, पहिली कसोटी आणि शेवटची कसोटी लिहिली की असले प्रश्न आपोआप कमी होतात.

चौथी पायरी : संघाच्या धावांतला वाटा पाहावा

एखाद्या डावाचे वजन मोजायचे असेल तर त्या फलंदाजाच्या धावा संघाच्या एकूण धावांच्या किती टक्के आहेत ते काढावे. १८७७ च्या मार्चमध्ये मेलबर्नला झालेल्या पहिल्यावहिल्या कसोटीत चार्ल्स बॅनरमनने ऑस्ट्रेलियाच्या २४५ पैकी १६५ धावा केल्या, म्हणजे ६७ टक्क्यांहून थोड्या अधिक, आणि पूर्ण झालेल्या कसोटी डावातला तो वाटा आजही अबाधित आहे.

प्रथम श्रेणीच्या, म्हणजे तीन किंवा अधिक दिवस चालणाऱ्या वरच्या दर्जाच्या सामन्यांत मात्र आपल्या सांगलीकराने याच्याही पुढे मजल मारली. त्या काळी मुंबईत पंचरंगी स्पर्धा होत असे. त्यात हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘रेस्ट’ म्हणजे इतर, असे धर्मावर बेतलेले संघ असत. हजारे ख्रिस्ती असल्याने ते ‘रेस्ट’कडून खेळत. १९४३ च्या हंगामातल्या हिंदूंविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या संघाने दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या, आणि त्यांपैकी ३०९ हजारेंच्या होत्या. टक्केवारी काढून पाहावी, ऐंशीला जेमतेम कमी भरते. त्या डावात त्यांचे बंधू विवेक यांनी ३०० धावांच्या भागीदारीत साथ दिली, आणि त्यांचा स्वतःचा हिस्सा होता २१ धावांचा. मला स्वतःला त्या ३०९ पेक्षा हे २१ अधिक भावतात, कारण एक टोक धरून उभे राहणे म्हणजे काय हे मुलांना समजावण्यासाठी याहून चांगला आकडा माझ्या वहीत नाही. विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० मुळे हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला होता, त्यामुळे एवढे करूनही ‘रेस्ट’चा संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

या मोजमापाची दुसरी बाजूही दाखवायला हवी. जून १९८३ मध्ये टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध भारताची अवस्था ५ बाद १७ झाली असताना कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा केल्या. संघाच्या ८ बाद २६६ मध्ये त्यांचा वाटा ६५ टक्क्यांच्या वर जातो, पण यष्टिरक्षक सय्यद किरमाणी नाबाद २४ करून नवव्या गड्यासाठी १२६ धावांच्या अभेद्य भागीदारीत उभे राहिले नसते तर ती टक्केवारी कुणी काढलीच नसती. त्या डावाचे चित्रण उपलब्ध नाही, त्यामुळे आपण तो पाहायचा तो धावफलकातच.

पाचवी पायरी : मागे काय उरले ते शोधावे

उजव्या पानावरचा ‘नंतर’ हा रकाना आता भरायचा. सर्वांत ठळक खूण नियमात सापडते. ब्रॅडमनने १९३० च्या इंग्लंड दौऱ्यातल्या मालिकेत ९७४ धावा कुटल्या, आणि हा विक्रम अजून मोडलेला नाही. त्याला रोखण्यासाठी १९३२-३३ च्या मालिकेत इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन याने हॅरॉल्ड लारवूडकरवी फलंदाजाच्या अंगावर आखूड चेंडू टाकायला लावून लेगच्या, म्हणजे फलंदाजाच्या पायांकडच्या, बाजूला क्षेत्ररक्षकांची फळी उभी केली. हीच ती बॉडीलाइन. त्या मालिकेत ब्रॅडमनची सरासरी ५६.५७ पर्यंत खाली आली, म्हणजे डाव साधला असे म्हणता येईल, परंतु त्यावरून दोन देशांच्या संबंधांत कटुता आली. असल्या गोलंदाजीला आळा घालणारे नियम होत गेले, आणि १९५७ मध्ये लेगच्या बाजूला यष्टीच्या मागे दोनपेक्षा अधिक क्षेत्ररक्षक नकोत हेही ठरले. सांगलीत किंवा साताऱ्यात एखाद्या रविवारच्या सामन्यात लेगस्लिप, फाइन लेग आणि बॅकवर्ड स्क्वेअर लेग असे तिघे चुकून मागे उभे राहिले आणि पंचांनी नो-बॉल दिला, तर वहीत कोपऱ्यात ‘ब्रॅडमन’ असे लिहून ठेवायला हरकत नाही. मी ठेवतो.

दुसऱ्या प्रकारची खूण वृत्तीत असते, आणि ती शोधणे अवघड असते. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला हजारेंच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवले. हा भारताचा पहिला कसोटी विजय, आणि तो मिळायला २५ सामने लागले. विनू मंकड यांनी त्या सामन्यात १२ बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके केली. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमध्ये लीड्सला दुसऱ्या डावात भारताचा फलक शून्यावर ४ बाद असा दिसत होता, कारण फ्रेड ट्रूमन नावाचा नवा गोलंदाज पहिलीच कसोटी खेळत होता. पहिल्या डावात ८९ करणाऱ्या कर्णधार हजारेंनी त्या पडझडीत ५६ आणि फडकर यांनी ६४ धावा केल्या. चार महिन्यांत एकाच कर्णधाराच्या वाट्याला आलेली ही दोन टोके शेजारीशेजारी लिहावीत, म्हणजे सुनील गावसकर यांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये पदार्पणाच्या मालिकेतच ७७४ धावा केल्या, तेव्हा देशाला एवढे हायसे का वाटले असेल याचा अंदाज येतो.

बाकीच्या खुणांची नुसती यादी केली तरी चालेल: रणजितसिंहजींचा लेग ग्लान्स (चेंडू पायांजवळून मागे वळवण्याचा फटका), बोझांकेटची गुगली (लेगस्पिनसारखा टाकलेला पण उलट वळणारा चेंडू), शेन वॉर्नमुळे पुन्हा मानाला चढलेली लेगस्पिन, आणि १९८३ च्या विश्वविजयानंतर १९८७ मध्ये इंग्लंडबाहेर प्रथमच, भारत-पाकिस्तानात, भरलेली पुरुषांची विश्वचषक स्पर्धा.

सहावी पायरी : ज्यांच्या नावापुढे कसोटीचे आकडे नाहीत त्यांना शोधावे

कसोटींची यादी लावून पाहणाऱ्याला पळवणकर बाळू कधीच सापडणार नाहीत, कारण त्यांचा जन्म १८७६ चा आणि भारताची पहिली कसोटी १९३२ ची. चर्मकार समाजातले हे डावखुरे फिरकी गोलंदाज पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर नेटमध्ये गोलंदाजी करत घडले. पुढे हिंदू संघात त्यांना घेतले गेले, तेव्हा मैदानात चेंडू सर्वांचा एक असे, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. इतके असूनही त्यांना कर्णधारपद कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. उजव्या पानाचा ‘नंतर’ हा रकाना यांच्या बाबतीत खेळाच्या बाहेर जातो, आणि तो जाऊ द्यावा.

कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांचीही गोष्ट या पायरीत बसते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते, ब्रॅडमनच्या तेव्हाच्या नाबाद ४५२ च्या विक्रमाला केवळ नऊ धावा कमी. मध्यंतरात काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायचे नाकारून सामना सोडून दिला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. रणजी स्पर्धेतला त्यांचा तो डाव आजही सर्वांत मोठा आहे.

सातवी पायरी : ‘पहिला’ हा शब्द लिहिण्याआधी थांबावे

ही पायरी माझ्या स्वतःच्या चुकीतून आली आहे. एका उन्हाळी शिबिरात मी फळ्यावर लिहिले, ‘एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक: सचिन तेंडुलकर, ग्वाल्हेर, २४ फेब्रुवारी २०१०.’ पॅड बांधून नेटकडे निघालेली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी परत फिरली आणि म्हणाली, ‘सर, पुरुषांमधलं म्हणा.’ ती बरोबर होती. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डिसेंबर १९९७ मध्ये डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या, आणि त्याही मुंबईत. तसेच महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९७३ मध्ये, म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेच्या दोन वर्षे आधी झाली. तेव्हापासून ‘पहिला’ असे लिहिताना मी पेन्सिल उचलतो आणि दोन्ही याद्या पाहून मगच टेकवतो.

सांगलीत ही दुरुस्ती एका मुलीनेच करावी याला कारण आहे. स्मृती मानधना लहानपणापासून सांगलीत वाढली, मुळात उजव्या हाताची असून डावखुरी फलंदाज झाली. २०१३ मध्ये तिने एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध बडोद्यात १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. बडोद्याचे नाव ऐकून वहीची जुनी पाने मागे उलटावीत. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९ यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या होत्या, त्याही बडोद्यातच. कोणत्याही गड्यासाठीचा तो प्रथम श्रेणीतला विक्रम २००६ पर्यंत टिकला, आणि मग श्रीलंकेच्या संगक्कारा-जयवर्धने जोडीने ६२४ धावांनी तो मोडला. सांगलीच्या दोन खेळाडूंनी सुमारे सहासष्ट वर्षांच्या अंतराने एकाच परगावी डोंगराएवढे डाव रचले, हा केवळ योगायोग आहे. पण मी शिबिराला जाऊ लागलो तेव्हा नेटबाहेर बॅट घेऊन उभ्या असलेल्या मुली एका हाताच्या बोटांवर मोजता येत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकल्यानंतर त्यांच्यासाठी स्वतंत्र रांग लावावी लागते, याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

वहीविषयी शेवटचे

शाईचे पेन वापरू नये. २०१९ च्या महापुरात माझ्या घरात पाणी शिरले आणि खालच्या फळीवरची अनेक वर्षांची गुणलेखनाची पुस्तके भिजली. शाईने लिहिलेल्या पानांवर निळे डाग तेवढे राहिले, आणि पेन्सिलीने लिहिलेली पाने दोरीवर वाळत घातल्यावर बऱ्यापैकी वाचता आली. वही माळ्यावर किंवा वरच्या फळीवर ठेवावी, प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि पहिल्या पानासाठी ॲडलेड, जानेवारी १९४८ हाच सामना घ्यावा. उतरवायला सुमारे दीड तास लागतो.